नायोबियम-टिनची वायर थेट ६६५ अंशांवर का नेता येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रयोगशाळेला ०.८५ मिलिमीटर जाडीची, 'रीस्टॅक्ड रॉड' पद्धतीने बनवलेली नायोबियम-टिनची काही मीटर वायर मिळाली. (नायोबियम-टिन म्हणजे नायोबियम आणि कथील यांचं अतिसंवाहक संयुग: अतिथंड केलं की विरोधाशिवाय वीज वाहून नेणारं, मोठ्या चुंबकांसाठी लागणारं.) सोबतच्या कागदावर २१० अंश सेल्सिअसवर ४८ तास, ४०० अंशांवर ४८ तास आणि ६६५ अंशांवर ५० तास असं वेळापत्रक होतं. भट्टी आठवडाभर अडकून राहील म्हणून पहिले दोन टप्पे गाळले आणि तासाला ३०० अंशांच्या वेगाने थेट ६६५ गाठलं. वायर बाहेर काढली तर टोकांना चकचकीत मणी लोंबत होते, क्रांतिक प्रवाह (अतिसंवाहकता न मोडता वायर वाहून नेऊ शकते तो जास्तीत जास्त प्रवाह) अपेक्षेच्या निम्म्याहून कमी आला आणि तांब्याचा आरआरआर (त्याच्या शुद्धतेचं माप, पुढे सांगते) निघाला १४. आता विचारणा अशी: पहिले दोन टप्पे खरंच लागतात का, आणि हा नमुना वाचवता येईल का?

नमुना वाचणार नाही, हे आधीच सांगून टाकते. पण तो फेकूही नका, चांगल्या नमुन्यापेक्षा तो जास्त बोलका आहे. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे एक नाही, दोन चुका झाल्या आहेत. टोकावरचे मणी २३२ अंशांच्या आसपास काय झालं ते सांगतात. आरआरआर बहुतेक ६६५ च्या जवळ काय झालं ते सांगतो. या दोन्हींची गल्लत केलीत तर पुढच्या खेपेला एक दुरुस्त कराल आणि दुसरी तशीच राहील.

तुम्ही लिहिलं आहे, 'अतिसंवाहक वायरला नंतर उष्मोपचार दिला.' घोळ इथूनच सुरू होतो. कारखान्यातून तुमच्याकडे आलेल्या वायरमध्ये नायोबियम-टिन नव्हतंच. तिच्यात तांबं होतं, नायोबियमचे बारीक तंतू होते आणि त्यांच्या मधोमध कथील होतं. तीन धातू, शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळलेले. (नायोबियम स्वतःसुद्धा ९.२ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होतो, पण त्याच्या जोरावर कुणी मोठा चुंबक बांधत नाही.) आपल्याला हवं असलेलं संयुग, म्हणजे नायोबियमच्या तीन अणूंमागे कथलाचा एक अणू, ते तुमच्या भट्टीत तयार होतं. कारखान्याने तुम्हाला तांदूळ, डाळ आणि पाणी एका डब्यात भरून दिलं होतं. खिचडी तुम्ही शिजवायची होती.

कारखानाच ती शिजवून का देत नाही? कारण हे संयुग चिनीमातीच्या बशीइतकं ठिसूळ आहे. एकदा तयार झालं की त्याची वायर ओढता येत नाही, गुंडाळता येत नाही, सरळसुद्धा करता येत नाही. ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. या संयुगाची अतिसंवाहकता १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सापडली. क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ते अतिसंवाहक होतं ते, सुमारे १८ केल्विन. १९६१ मध्ये त्याच संस्थेत कुन्झलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ४.२ केल्विनवर आणि ८.८ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रातसुद्धा हे संयुग दर चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअरहून जास्त प्रवाह वाहून नेतं. त्यांनी वायर बनवली ती नायोबियमच्या नळीत नायोबियम आणि कथलाची पूड ठासून, ती नळी ओढून बारीक करून आणि मग भाजून. आधी आकार, मग संयुग. साठ वर्षं उलटली, पद्धती बदलल्या, पण हा क्रम कुणाला चुकवता आलेला नाही.

मात्र त्या पहिल्या वायरींना हजार अंशांच्या आसपास भाजावं लागायचं. नुसतं नायोबियम आणि कथील एकत्र तापवलं, तर साधारण ९३० अंशांच्या खाली आपल्या संयुगाबरोबर कथलाने जड असलेली दुसरी, निरुपयोगी संयुगंही तयार होऊन बसतात. तिथे तांबं कामाला येतं. तांब्याच्या सान्निध्यात ती नको असलेली संयुगं टिकत नाहीत आणि ६५० ते ७०० अंशांवरच हवं ते संयुग तयार होऊ लागतं. तांबं स्वतः त्या संयुगात जवळजवळ शिरत नाही, फक्त कथलाला रस्ता देतं. १९७० च्या आसपास हे लक्षात आलं आणि तिथून ही वायर उद्योगाच्या आवाक्यात आली.

कमी तापमानाचा दुसरा फायदा त्याहून मोलाचा. चुंबकीय क्षेत्र या पदार्थात शिरतं ते सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपात. प्रवाह वाहू लागला की या भोवऱ्यांवर ढकल बसते, आणि ते सरकले तर ऊर्जा खर्च होऊन उष्णता तयार होते. त्यांना जागच्या जागी अडकवून ठेवावं लागतं, आणि नायोबियम-टिनमध्ये हे काम स्फटिककणांच्या सीमा करतात. कण जितके बारीक तितक्या सीमा जास्त, तितका प्रवाह जास्त. चांगल्या वायरमध्ये हे कण १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात. तापमान वाढवलं की कण फुगतात. उलट तापमान फार कमी ठेवलं तर कथील संयुगात पुरेसं भरत नाही आणि जास्त चुंबकीय क्षेत्रातली कामगिरी पडते. ६६५ हा आकडा या ओढाताणीतून आला आहे. कुणी ६४० किंवा ६५० वापरतं, कुणी ६८० पर्यंत जातं, आणि प्रत्येकाकडे आपापली कारणं असतात.

नायोबियम-टायटॅनियमची गोष्ट अगदी उलटी आहे, आणि तुमचा गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा, कारण आपल्याकडे बहुतेकांचा पहिला परिचय तिच्याशीच होतो. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांतल्या एमआरआय मशिनमध्ये तीच असते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वायर आणि केबलचं काम झालं तेही मुख्यतः तिच्यावरच. हा लवचीक मिश्रधातू आहे. वितळवून ओतला त्या क्षणीच तो अतिसंवाहक असतो. उष्मोपचार तिथेही होतो, पण ओढकामाच्या अधेमधे: ३७५ ते ४२० अंशांच्या दरम्यान, प्रत्येक वेळी ४० ते ८० तास, असं तीन किंवा अधिक वेळा. प्रत्येक खेपेला टायटॅनियमचे बारीक कण मिश्रधातूतून वेगळे होतात. शेवटच्या उपचारानंतर वायर पुन्हा थंडच, खूप ओढली जाते. तेव्हा ते कण चेपून काही नॅनोमीटर जाडीच्या फिती होतात आणि याच फिती भोवऱ्यांना अडकवतात. म्हणजे तिथे भट्टी मध्ये येते आणि शेवटचा हात डायचा, म्हणजे वायर ओढून बारीक करायच्या साच्याचा असतो. जिनिव्हाच्या एलएचसी प्रवेगकातली ८.३३ टेस्लाची द्विध्रुवी चुंबकं याच वायरीची; त्यातले तंतू ६ ते ७ मायक्रोमीटर जाडीचे, केसाच्या दहाव्या भागाइतके. नायोबियम-टायटॅनियमवाल्यांनी शेवटी भट्टी थोडी चुकवली तर फार बिघडत नाही. आपण चुकवली तर आपल्या हातात काहीच उरत नाही.

आता तुमची वायर कशी बनली ते पाहू. वेळापत्रकाचा अर्थ त्यातच दडलेला आहे.

नायोबियमच्या कांड्यांना तांब्याचं कवच घालून त्या षट्कोनी करतात आणि तांब्याच्या गाभ्याभोवती गोल रचतात. भोवती नायोबियमची एक सलग भिंत, तिच्या बाहेर तांबं. हा ठोकळा गरम असताना दाबयंत्रातून ढकलून लांब करतात. मग मधला तांब्याचा गाभा लांब ड्रिलने पोखरून त्यात कथलाची कांडी सारतात. हा क्रम उगाच नाही: कथील आधी घातलं असतं तर गरम दाबकामात ते वितळून गेलं असतं. त्यानंतर ही नळी ओढून पुन्हा षट्कोनी करतात, तुकडे कापतात आणि तांब्याच्या मोठ्या नळीत रचतात. तुमच्या वायरमध्ये १२७ जागा असतील, तर बहुधा १०८ ठिकाणी असे उपघटक आणि मधल्या १९ ठिकाणी नुसतं तांबं असेल. तिथून ०.८५ मिलिमीटरपर्यंत सगळं ओढकाम थंडच होतं. कथील पोटात असताना अॅनिलिंग (तापवून नरम करणं) करायची सोय नाही, त्यामुळे सुरुवातीला कुठे बारीक कचरा, हवेचा पोकळ बुडबुडा किंवा ओलावा राहिला असेल तर तो शेवटपर्यंत सोबत येतो आणि वायर तुटते.

नायोबियम-टिनची वायर बनवायची दुसरी पद्धत कांस्याची. तिथे हीच कसरत दुसऱ्या बाजूने करावी लागते. तिथे कथील आधीच तांब्यात विरघळवलेलं असतं. तांब्यात कथील वजनाने पंधरा-सोळा टक्क्यांहून जास्त विरघळत नाही, आणि असं कांसं ओढताना फार लवकर कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी भांडं घडताना पाहिलं असेल त्यांना हे सांगायला नको: तांबं ठोकलं की ताठ होतं, तापवून नरम करायचं, पुन्हा ठोकायचं. कांसं तर तांब्याहून हट्टी. दर काही डायनंतर वायर भट्टीत जाऊन येते. कष्ट जास्त, कथील कमी, म्हणून प्रवाहही कमी. पण ती पद्धत शिस्तीची आहे आणि भाजताना फार दगा देत नाही. तुमची वायर दगा देणाऱ्या जातीची आहे, कारण तिच्या पोटात शुद्ध कथील आहे. प्रवाह जास्त मिळतो तो त्यामुळेच.

कल्हई करताना पाहिलं असेल तर पुढचं समजायला सोपं जाईल. भांडं तापलं, नवसागर टाकला, कथलाची कांडी टेकवली की कथील पाण्यासारखं पसरतं आणि तांब्याला धरतं. तांब्याला आणि कथलाला एकमेकांची ओढच आहे. तुमच्या वायरीत हेच होतं, फक्त बंद नळीत, आणि कापसाने पुसून घ्यायला कुणी नाही.

शुद्ध कथील २३२ अंशांवर वितळतं. तांब्याच्या संपर्कात ही मर्यादा आणखी खाली, २२७ वर येते. २१० चा टप्पा मुद्दाम या दोन्हींच्या खाली ठेवलेला आहे. या ४८ तासांत कथील घन असतानाच सभोवतालच्या तांब्यात मुरतं आणि दोघांची संयुगं तयार होतात. वितळायला तयार असलेलं मोकळं कथील जितकं कमी उरेल तितकं पुढे बरं. ४०० चा टप्पाही असाच एका सीमेच्या जरा अलीकडे आहे: तांबं-कथलाचं एक मुख्य संयुग ४१५ अंशांना मोडतं आणि पुन्हा द्रव सोडतं. त्याआधी दोन दिवस थांबलं की कथील आणखी बाहेर पसरतं, तांब्याने जास्त समृद्ध अशी, उशिरा वितळणारी संयुगं वाढतात आणि तंतूंच्या कडेला तांबं, नायोबियम व कथील या तिघांचा एक पातळ थर तयार होतो. तो थर चाळणीसारखा वागतो. या दोन टप्प्यांत एक कणही कामाचा अतिसंवाहक तयार होत नाही, म्हणून नवख्या माणसाला ते वाया गेलेले चार दिवस वाटतात. प्रत्यक्षात ६६५ वर काय मिळणार हे इथेच ठरतं.

तुम्ही २३२ वरून भरधाव पुढे गेलात. एकेका उपघटकातलं सगळं कथील एकाच वेळी वितळलं. वितळताना कथलाचं आकारमान दोन-अडीच टक्क्यांनी वाढतं, वर तापमानाचं प्रसरण. नळी दोन्ही टोकांना उघडी. ते तिथून बाहेर आलं, हेच तुमचे मणी. आत राहिलेल्या द्रवाने तंतूंमधलं तांबं विरघळवायला सुरुवात केली, आणि आधार गेलेले तंतू जागचे हलले. मीटरभराच्या नमुन्यात टोकं मधल्या भागापासून फार लांब नसतात, त्यामुळे जेवढं कथील गेलं तेवढी सगळ्या नमुन्याचीच उपासमार झाली. क्रांतिक प्रवाह निम्म्यावर येण्याला एवढं पुरेसं आहे.

आरआरआरकडे वळते. खोलीच्या तापमानाची आणि २० केल्विनच्या आसपासची रोधकता यांचं हे गुणोत्तर. तांबं किती शुद्ध राहिलं याचं माप. चुंबकात एखाद्या ठिकाणी अतिसंवाहकता क्षणभर मोडली तर प्रवाहाला पळवाट देणारं तांबं हेच. ते खराब असेल तर लहानशा धक्क्याने चुंबक बंद पडतो, मग नायोबियम-टिन कितीही उत्तम असू द्या. प्रवेगकांच्या वायरींना १५० च्या वर आरआरआर मागतात. १४ म्हणजे किती घाण? ढोबळ हिशेब करा: तांब्यात शंभरात एक अणू कथील असेल तर रोधकता जवळपास ३ मायक्रोओम-सेंटिमीटरने वाढते. खोलीच्या तापमानाला शुद्ध तांब्याची रोधकता १.७. म्हणजे १४ यायला दहा हजारांत चार अणू कथील पुरतं! रांजणभर पाण्यात चिमूटभर मीठ.

हे कथील तांब्यात पोचलं कसं? दोन वाटा आहेत. एक बाहेरून: टोकावरचे मणी वायरच्या पृष्ठभागावर पसरले आणि तिथून आत मुरले. दुसरी आतून: प्रत्येक उपघटकाभोवतीच्या नायोबियमच्या भिंतीतून. ही भिंत अवघी काही मायक्रोमीटर जाड असते आणि भाजताना तिची आतली बाजूसुद्धा संयुगात बदलत जाते. ते अपेक्षितच आहे, तेवढाच प्रवाह वाढतो. पण भिंत कुठे आरपार खाल्ली गेली तर कथील बाहेरच्या तांब्यात शिरतं. जास्त तापमान, जास्त वेळ, किंवा आतले तंतू सरकल्यामुळे एका बाजूला साचलेलं कथील, यातल्या कशानेही हे होतं. एलएचसीच्या नव्या, अधिक तेजस्वी आवृत्तीसाठी जी वायर निवडली तिच्यात म्हणूनच कथील मुद्दाम कमी केलेलं आहे: नायोबियम आणि कथलाचं प्रमाण ३.४ ऐवजी ३.६. थोडा प्रवाह सोडला आणि तांबं वाचवलं. तिथे वायर १५ टक्के चेपून, मग भाजून आरआरआर पाहतात, कारण केबल विणताना कडेच्या वायरी चेपतात आणि भिंत तिथे आधी फाटते. हा मला पटलेला निर्णय आहे. कागदावरचा क्रांतिक प्रवाह पाच टक्के जास्त असलेली आणि आरआरआर पन्नास असलेली वायर मी घेणार नाही.

तुमच्या बाबतीत दोन्हींपैकी कोणती वाट, हे शोधायला महागडं यंत्र नको. नमुन्याचा टोकाकडचा आणि मधला भाग वेगवेगळा मोजा. मध्ये आरआरआर बरा आणि टोकाला वाईट, तर दोष मण्यांचा. सगळीकडे सारखाच वाईट, तर भिंत गेली. मग भट्टीची नोंद काढून बघा. तासाला ३०० अंशांनी चढणारी भट्टी ६६५ ला पोचल्यावर आज्ञाधारकपणे थांबत नाही. वीस-तीस अंश वर उडी मारून खाली येते. तुम्ही शेवटचं स्थिर तापमान लिहिलं आहे, उडी किती होती ते लिहिलेलं नाही. मला तिथे संशय आहे.

भट्टीतल्या तापमानाबद्दल एक जुनी आठवण. मी या कामात नवी असताना एका ठिकाणी व्हॅक्यूम भट्टीत असेच नमुने भाजायचे. नियंत्रणाचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीजवळ. पडद्यावर २१० ची सरळ रेष, सुरेख. तरी दर दोन-तीन खेपांना कुठेतरी मणी यायचेच. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि एक थर्मोकपल थेट नमुन्याच्या साच्याला बांधला. कळलं असं, की व्हॅक्यूममध्ये उष्णता पोचते ती फक्त प्रारणाने, आणि दोनशे अंशांना प्रारण फारच दुबळं. भिंत २१० ला पोचून किती तरी तास झाले तरी साचा मागेच रेंगाळत होता, आणि वेळ मात्र भिंतीच्या घड्याळाने मोजला जात होता. म्हणजे २१० चा टप्पा कागदावर झाला, वायरीत अर्धाच. तेव्हापासून मी वेळ मोजते ती नमुन्याला बांधलेल्या थर्मोकपलवर, आणि खालच्या टप्प्यांना शक्यतो थोडा आर्गॉन ठेवते.

आर्गॉन शुद्ध हवा. भट्टी बंद करून नुसता सिलिंडर उघडला म्हणजे झालं असं नाही. दोन-तीनदा हवा उपसून भरावी लागते आणि भाजताना हलका प्रवाह चालू ठेवावा लागतो. नमुन्याशेजारी टायटॅनियमचे थोडे तुकडे ठेवले तर ते उरलासुरला ऑक्सिजन ओढून घेतात. तुम्ही पुढे छोटं वेटोळं करणार असाल आणि त्यावर काचधाग्याची जाळी चढवणार असाल, तर त्या धाग्यावरचा सेंद्रिय लेप आधी काढला पाहिजे. नाहीतर तो भट्टीत जळून कोळसा होतो आणि वेढ्यांमध्ये वीज वाहू लागते. काळी पडलेली जाळी दिसली की समजायचं.

मोठ्या कामांत हाच सगळा प्रकार मीटरांच्या मापात होतो. एलएचसीसाठी बनलेल्या नव्या चतुर्ध्रुवी चुंबकांची वेटोळी अमेरिकेत चार मीटरहून आणि सर्नमध्ये (एलएचसी चालवणाऱ्या संस्थेत) सात मीटरहून लांब आहेत, आणि प्रत्येक वेटोळं आपल्या पोलादी साच्यासकट भट्टीत जातं. फ्रान्समधल्या इटर या अणुसंमीलन प्रकल्पाच्या मोठ्या वेटोळ्यांची वायर तर आणखी हळू भाजली गेली: २१०, ३४०, ४५०, ५७५ आणि शेवटी ६५०, शेवटचे दोन टप्पे शंभर-शंभर तासांचे. त्या वायरींवर दोन मायक्रोमीटर क्रोमियमचा मुलामाही असतो, कारण केबलमधल्या शेजारच्या वायरी भाजताना एकमेकींना चिकटू नयेत आणि चुंबकीय क्षेत्र बदलताना त्यांच्यातून आडवे प्रवाह वाहू नयेत. भाजल्यावर केबलची लांबी किंचित बदलते, तिचा अंदाज आधी बांधूनच गुंडाळी केली जाते. अशा प्रत्येक भट्टीत मुख्य वेटोळ्याबरोबर त्याच वायरीचे छोटे तुकडे ठेवतात. त्यांना साक्षीदार म्हणतात. वेटोळं तोडून बघता येत नाही, साक्षीदाराला विचारता येतं. तुम्हीही ठेवा.

याहून नाजूक भट्टी बघायची असेल तर बिस्मथयुक्त ऑक्साइड अतिसंवाहकाची, चांदीत भरलेली वायर बघा. ती ८९० अंशांजवळ, ऑक्सिजनसह ५० बार दाबाखाली भाजतात, आणि एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तरी प्रवाह घसरतो. त्यापुढे आपली नायोबियम-टिन गरीब गाय आहे.

भाजून झाल्यावरचा हाताळणीचा भाग तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या फोटोतली वायर सरळ होती म्हणून विचारते: ती गोल साच्यावरून काढून सरळ केलीत का? ०.८५ मिलिमीटरची वायर ३२ मिलिमीटर व्यासाच्या साच्यावर भाजली आणि मग सरळ केली, तर पृष्ठभागावरचा ताण ०.८५ भागिले ३२, म्हणजे सुमारे २.७ टक्के. या संयुगाचे तंतू शून्य पूर्णांक तीन-चार टक्क्यांच्या ताणालाच तडकू लागतात. तसं झालं असेल तर तुमच्या क्रांतिक प्रवाहाच्या आकड्याला काही अर्थच नाही, आणि मी वर सांगितलेल्या दोन चुकांत ही तिसरी. मोजणीसाठी टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, आटे पाडलेला साचा वापरतात. त्यावर गुंडाळायचं, त्यावरच भाजायचं, त्यावरच मोजायचं. वायरीला बोट लावायचं नाही.

उरलेल्या वायरीचं काय करायचं ते सांगते. सगळी वायर एकदम भट्टीत घालू नका. आधी पंधरा सेंटिमीटरचे चार सरळ तुकडे घ्या, टोकं पक्कडीने चेपून बंद करा आणि स्टीलच्या पातळ नळीत सैल ठेवा. तासाला २५ अंशांनी २१० ला जा, ४८ तास. तासाला ५० अंशांनी ४००, पुन्हा ४८. मग त्याच वेगाने ६६५, पण शेवटचे वीस-पंचवीस अंश आणखी हळू, म्हणजे भट्टी उडी मारणार नाही. ५० तासांनंतर बंद करा आणि आपोआप थंड होऊ द्या. घाईने दार उघडू नका, तांबं काळं पडेल. दोन्ही टोकांकडचे दोन-दोन सेंटिमीटर कापून टाका आणि मगच आरआरआर मोजा. दीडशेच्या वर आला की साच्यावरची लांब वायर भाजायला घ्या, तीसुद्धा दोन्ही बाजूंना चांगली हातभर जास्त ठेवून.

सोमवारी सकाळी भट्टी लावलीत तर थंड व्हायचा वेळ धरून पुढच्या मंगळवारी उघडता येईल. मधल्या दिवसांत तो बिघडलेला नमुना रेझिनमध्ये बसवा आणि आडवा काप घासायला घ्या. शेवटचं पॉलिश बारीक सिलिकाच्या द्रवात, हळू हाताने, कारण तांबं मऊ आणि संयुग कडक, दोघं एका पातळीवर यायला वेळ लावतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा दिसेल: कोणत्या उपघटकाचा गाभा रिकामा झाला आहे, कुठले तंतू एका कडेला गोळा झाले आहेत आणि भिंतीला भोक कुठे पडलं आहे. त्याचा फोटो पाठवा.